पाहुणीचं वजन

उल्हासनगर कॅम्प १,
१ डिसेंबर १९९३

चि. बाळाजीस,

अनेक आशीर्वाद. सोबत एक आज्ञाही आहे, ती आधी पाळ.

आंतरराष्ट्रीय हौशी किकबॉक्सिंग स्पर्धा आपल्या उल्हासनगरात भरते आहे आणि स्वागत समिती माझ्या गळ्यात पडली आहे. परदेशी मुलींना लॉजवर ठेवू, असं काही मंडळी म्हणत होती. मी सभेत उभी राहून विचारलं की आपल्याला घरं नाहीत का? टाळ्या पडल्या, ठराव झाला. मुली वाटून घ्यायची वेळ आली तेव्हा टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी निम्म्यांच्या घरी नेमकं रंगकाम निघालं. तेव्हा हंगेरीची इलोना परवा तुझ्याकडे येते आहे.

तुझी गोदू लाथा मारायला शिकते म्हणून ज्या बदलापूर गावाने नाकं मुरडली, तिथे आता साता समुद्रापलीकडची लाथ मारणारी पोर उतरणार. बघू दे सगळ्यांना! मुलीने हात फक्त पोळपाटावर चालवावा असं कुठल्या शास्त्रात लिहिलंय, ते कुणी आणून दाखवावं. मी त्या शास्त्राची भर चौकात उलटतपासणी घेईन.

तुझ्या बायकोला, बनूला, बजावून सांग: पाहुणी उपाशी राहिली असं एकाच्याही तोंडून माझ्या कानावर येता कामा नये.

उत्तर हरिचंद्र दूधवाल्याच्या हाती दे. तो रतीब घालायला रोज कॅम्पात येतो, टपालाच्या आधी पोचतो.

माया आहेच, ती न लिहिताही पोचते.
तुझी ताई,
सरू


बदलापूर गाव,
९ डिसेंबर १९९३

ती. सरूआत्यास,

गोदूचा शि. सा. न. वि. वि. आणि विशेष असं की आपली पूर्ण वाट लागली आहे.

इलोना झकास पोरगी आहे. म्हशीला घाबरत नाही, मिरचीला घाबरते. थोडं इंग्रजी, बाकी हातवारे, यावर आमचं फुल्ल चाललंय. घोळ झालाय तो जेवणाचा. पहिल्या दिवशी आईने तांदळाची भाकरी आणि कोंबडीचा रस्सा वाढला. इलोनाने ताट पुसून संपवलं. आईला रिकामं ताट बघवत नाही, तिने परत वाढलं. इलोनाच्या घरची रीत अशी की ताटात टाकणं म्हणजे रांधणारीचा अपमान. तिने परत संपवलं. आई वाढते म्हणून ती संपवते, ती संपवते म्हणून आई वाढते. सहा दिवस झाले, दोघी एकमेकींच्या सभ्यतेत अडकल्यात.

आणि काल ड्रॉ निघाला. बावन्न किलोच्या गटात माझी पहिलीच लढत इलोनाशी! संध्याकाळी तिला भातगिरणीच्या काट्यावर उभी केली. चौपन्न! रविवारी सकाळी वजनं घेणार. ती जास्त भरली तर बाद, आणि मी बसल्या जागी विजयी.

आम्हाला किकबॉक्सिंग शिकवणारे सिंधी सर म्हणाले की साईं, मुँह बंद रख, मम्मी को खिलाने दे. बाबांनी तर त्यांच्या आनंदनगरच्या कारखान्यात, पोरगी पहिली लढत जिंकली असं सांगूनही टाकलं. आत्या, बाहेरच्या देशाच्या खेळाडूशी एकदा खरंखुरं लढावं म्हणून दोन वर्षं मी पोत्याला लाथा मारतेय. ती लढतच झाली नाही तर? आईला समजावलं, तर म्हणते की लढाल तेव्हा लढा, जेवताना ती पाहुणी.

तूच काहीतरी कर. धाकट्यांवर प्रेम असतं ते अशाच वेळी दाखवायचं असतं.
तुझी,
गोदू


उल्हासनगर कॅम्प १,
९ डिसेंबर, दुपार

चि. सौ. बनूस,

आशीर्वाद. हातातली पळी खाली ठेव आणि मग पुढे वाच.

अन्नदान हे पुण्य, मान्य! पण तू जेऊ घालून माणूस बाद करते आहेस. समोरच्याला निदान मैदानात उभं राहू द्यावं, एवढा धर्म तर वैऱ्याशीही पाळतात. फुकटचा विजय म्हणजे दुसऱ्याच्या पानातला घास. गोदूने तो उचलला, तर मुलींना लढू द्या असं उद्या मी कोणत्या तोंडाने सांगू? लोक म्हणतील, लढू दिलं की! बाईंची भाची पंगतीत जिंकली.

पाहुणी उपाशी राहू नये असं मीच लिहिलं होतं, ते मागे घेते. आयुष्यात पहिल्यांदाच काही मागे घेते आहे, त्याची किंमत ठेव. आणि उपवास सुचवशील तर साबुदाणा त्या मुलीच्या नजरेसही पडू देऊ नकोस.

रागावले तरी तुझीच,
सरू


बदलापूर गाव,
११ डिसेंबर १९९३

ती. वन्संना,

बनूचा सा. न. वि. वि.

तुमचं पत्र म्हणजे भाषण. वाचताना टाळ्या वाजवाव्यात की भांडी घासावीत, ते कळत नाही. पण वन्सं, दारी आलेल्या पाहुणीपुढे नुसती पेज ठेवली, तर गाव मला दारात उभं करील का?

मग भाकऱ्या थापताना सुचलं. पाहुणीला पेज देता येत नाही, घरच्या लेकीला देता येते. गोदूला मी कधी विचारून वाढलंय? काल सकाळी इलोनाला गोदूचा पंजाबी ड्रेस घातला, कुंकू लावलं, गावदेवीच्या पाया पाडलं आणि पाच बायकांदेखत सांगितलं की आजपासून ही माझी लेक, नाव सखू. बायकांनी तोंड गोड करायला साखर आणली. तिच्या तोंडाला तेवढी लागू दिली नाही.

घरी आल्याबरोबर सखूच्या हातात बादली दिली. विहिरीचं पाणी भरलं, गोठा झाडला, अंगण सारवलं. पोर हसत होती, मीच पदराने डोळे पुसत होते. दुपारी पेज. तिने वाटी रिकामी केली आणि माझा हात आपोआप पातेल्याकडे गेला. गोदूने तो धरून ठेवला. संध्याकाळी दोघी बारवी धरणाच्या रस्त्याने पळाल्या, मागून हे सायकलवर. कारखान्यात आता काय सांगू, एवढंच पुटपुटत होते.

गिरणीचा काटा खाली येतोय. उद्या देवी आणि तुमची समिती जे करील ते.

लोभ आहे तेवढाच असू द्यावा, वाढवू नये. वाढण्याची मला आता धास्तीच बसलीय.
तुमची,
बनू


बदलापूर गाव,
१४ डिसेंबर १९९३

ती. सरूआत्यास,

शि. सा. न. तुझा घसा बसलेला आणि मला धाप लागलेली, म्हणून परवा बोलणंच झालं नाही. पहिल्याच फेरीत माइकवरून स्त्रीशक्तीच्या घोषणा दिल्यास म्हणून पंचांनी तुला बाहेर काढलं. तेव्हा दाराआड काय झालं ते लिहिते.

सकाळी काटा बरोबर बावन्नवर थांबला होता, ते तू पाहिलंसच. सरांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं मी स्वतःच्याच घराला काडी लावली.

दुसऱ्या फेरीत माझी लाथ सखूच्या खांद्यावर बसली आणि ती गुडघ्यावर आली. हॉल नुसता पेटला! आई मात्र उठून मला ओरडली, की जरा बेताने मार, कुणाची पोर आहे ती. लगेच सखूची लाथ माझ्या बरगडीत. आता आई तिला ओरडली, तितक्याच मोठ्याने, मराठीतच. सखूने खरोखर मान खाली घातली आणि तेवढ्यात मी दोन ठोसे लगावले. पंचांनी आईलाही बाहेर काढायची धमकी दिली. बाबा खुर्चीवर उभं राहून शिट्ट्या मारत होते, कारखाना पार विसरले होते.

आणि आत्या, मी हरले! दोन पंच तिच्या बाजूने, एक माझ्या. काल ती अंतिम लढतही जिंकली. बाबा आज आनंदनगरला पेढे घेऊन गेलेत. घरात सुवर्णपदक आलं म्हणून सांगतायत, कुठल्या लेकीला मिळालं ते सांगत नाहीत.

सखू परवा जाणार. पुढच्या वर्षी स्पर्धा तिच्या देशात आहे. तिथे तिला हरवायचं, असं मी तिला तोंडावर सांगितलंय आणि ती चक्क खूश झाली.

तुझं प्रेम राहू दे आणि घशाला आराम दे.

आता खोकले की बरगडीत कळ येते, कळ आली की हसू येतं, आणि हसले की परत कळ. बसल्या जागी जिंकले असते, तर हे कुठून आणलं असतं?

तुझी,
गोदू