एका खिडकीत चित्र, दुसरीत गाणं

३ ऑगस्ट

झाली सुरुवात! क्वालालंपूरहून रजा टाकून पेनांगला आले ती ही सेवा करायला — मेलेल्यांना सिनेमा दाखवायची. चिनी पंचांगाचा सातवा महिना, भुतांचा, लागला की माझ्या वडिलांना, पांना, दुसरं काही सुचत नाही. देवळासमोर पडदा, व्हॅनमध्ये यंत्रं, पुढची रांग पाहुण्यांसाठी राखीव. तिथे जिवंत माणूस बसत नाही. मागच्या रांगाही रिकाम्याच असतात, पण त्याचं कारण वेगळं आहे.

यंदा गुडघ्याचं निमित्त करून पांनी व्हॅनची किल्लीही माझ्या हातात दिली. म्हणजे ड्रायव्हर मी, हमाल मी, बोलणी खायलाही मीच.

४ ऑगस्ट

पांचं तंत्रज्ञान! लॅपटॉपवर एका खिडकीत सिनेमा — आवाज बंद करून. दुसऱ्या खिडकीत गाणी वाजवायचं जुनंपुराणं सॉफ्टवेअर. त्या जुन्या संगीतपटांचा आवाज डिस्कवर कधीच खरखरून गेला. मग पांनी कॅसेटवरून सगळी गाणी उतरवून घेतली, ती साफ केली, त्यांचा खर्ज-तार हवा तसा लावला. आता दोन्ही खिडक्या एकाच क्षणी सुरू करायच्या. मी जरा चुकले. राणी आधी मेली, मग किंचाळली.

म्हटलं, दोन्ही जोडून एकच फाइल करून देते, एका दुपारचं काम. छे! एकत्र बांधलं तर एक अडल्यावर दुसरंही अडणार, हे पांचं म्हणणं. चित्र गेलं तरी गाणं चालू राहिलं पाहिजे, नाहीतर पाहुणे उठून जातात. कुठे जातात, ते विचारायची सोय नाही.

६ ऑगस्ट

आज राणी वेळेवर किंचाळली. पुढच्या रांगेतून दाद नाही.

८ ऑगस्ट

देवळाच्या समितीचे चिन होक अंकल मला बाजूला घेऊन म्हणाले, पुढच्या वर्षी सिनेमा बंद. रंगीत दिवे लावून गाणाऱ्या मुली आणणार. माझ्या मनात लाडू फुटले! आई गेल्यापासून पा त्या फ्लॅटमध्ये एकटे राहतात. मला ते तसे नको आहेत, माझ्याकडे हवे आहेत. दोन वर्षं हेच सांगतेय. हे काम सुटल्याशिवाय ते पेनांग सोडणार नाहीत.

जेवताना सांगून टाकलं. पांनी चॉपस्टिक्स खाली ठेवल्या.

"तुझ्याकडे येऊन मी काय करू? लिफ्टमधून वरखाली करू?"

मग स्वतःच अंकलना फोन लावला. पंधरा मिनिटं भांडले. ठरलं असं — रविवारचा खेळ कुठेही न अडता पार पडला, तर पुढचं वर्ष पांचं. अडला, तर गाणाऱ्या मुलींचं.

९ ऑगस्ट

देवळात जाऊन उदबत्त्या लावल्या. काय मागितलं ते इथे लिहीत नाही. लॅपटॉप म्हातारा आहे, एवढंच लिहिते.

१० ऑगस्ट

पांनी आज दिवसभर तालीम घेतली. जणू राजाच येणार आहे बघायला! गाण्यांची यादी त्यांना तोंडपाठ आहे. कोणत्या सुराला राणी वळते, कुठे पडदा सरकतो, सगळं. पडद्याकडे न बघता सांगतात. मोठी ऐट!

११ ऑगस्ट, रविवार

खेळ सुरू करून दिला आणि कोय त्याओ नूडल्स आणायला कोपऱ्यावर गेले. परत आले तर चित्र थिजलेलं. राणीचं तोंड अर्धवट उघडं, आणि गाणं मात्र जोरात चालू. अंकल झाडाखाली पाठ फिरवून फोनवर बोलत होते. देव पावला होता! मी फक्त गप्प बसायचं होतं.

पा लॅपटॉपशेजारी बसले होते. तोंड पडद्याकडे, डोळे उघडे, बोटांनी मांडीवर ताल.

"आ लिन, आलीस? बघ, आज चित्र कसं झकास चाललंय."

म्हणजे व्हॅनची किल्ली दिली ती गुडघ्यामुळे नव्हे, डोळ्यांमुळे. हातातलं खाणं कुठे ठेवलं ते आठवत नाही. चित्र पुढे ओढलं, राणीचे ओठ गाण्याशी जुळवले. मग म्हटलं, हो पा, झकास.

अंकलनी येऊन विचारलं, कुठे अडलं का? मी म्हटलं, नाही.