ब्लेड खाली, मग आपण खाली

तीर्थरूप मामांना,

भाच्याचा वाकून नमस्कार. (वाकून हा शब्द रिवाज म्हणून लिहिला आहे. गेल्या रविवारपासून कंबर तितकीशी वाकत नाही, कारण पुढे येईल.) तुमचा गुडघा कसा आहे? मामींनी तुम्हाला जिना चढायची बंदी केली, तर तुम्ही म्हणे गच्चीवर जायला शिडी लावली. आईने फोनवर हे सांगितलं तेव्हा तिचा सूर रागाचा होता, पण मला वाटतं ती आतून खूश होती. मामींना सांगा, शिडी काढून घेऊ नका, फक्त खाली धरून उभ्या राहा.

आता पत्राचं कारण. आमच्या रोपवाटिकेत अखेर ब्लेड आलं. ट्रॅक्टर जुनाच, तुम्ही पाहिलेला, पण त्याच्या तोंडाला आता हायड्रॉलिक ब्लेड बसवलं आहे. म्हणजे पुढे आडवं, गुडघ्याच्या वर येईल एवढं लोखंडी पातं, ते वरखाली करायला तेलाच्या दाबावर चालणारे दोन दांडे, आणि बसणाऱ्याच्या उजव्या हाताला एक लिव्हर. मागे ओढली की पातं वर, पुढे ढकलली की खाली. (एकतीस वर्षं माती उपसण्याच्या मशीनवर काढलेल्या माणसाला हे सांगायची गरज नाही, मला कळतं. पण माझी पत्रं मामी मोठ्याने वाचतात, आणि त्यांना अर्ध्यावर थांबून तुम्हाला विचारावं लागू नये.) घाई अशासाठी होती, की बुधवारी दोन हजार रोपांचा ट्रक यायचा होता, आणि फाटकापासून मागच्या शेडपर्यंतची वाट इतकी खड्ड्यांची, की हातगाडीसुद्धा कण्हत जायची. ट्रक अडला तर रोपं उन्हात राहणार, आणि वर्षभराची पुंजी दोन दिवसांत माना टाकणार.

शनिवारी फिटर आला. त्याचा फोन सारखा वाजत होता आणि तो दर वेळी 'निघालोच' म्हणत होता. निघालाही. जाताना चौऱ्याऐंशी पानांचं एक माहितीपुस्तक ठेवून गेला. मी ते मनापासून हातात घेतलं, वजन पाहिलं आणि हिच्या हवाली केलं. आमची ही वाचणारी बाई, हे तुम्हाला ठाऊक आहे. औषधाच्या खोक्यातली घडी घातलेली चिठ्ठीसुद्धा ती शेवटच्या ओळीपर्यंत वाचते आणि मग मला विचारते, की तुम्हाला अधूनमधून उगाच उदास वाटतं का. पुस्तक वाचून होईपर्यंत मशीनला हात लावायचा नाही, असं तिचं म्हणणं. सासऱ्यांचं आणि माझं म्हणणं असं, की ज्याला स्टिअरिंग आहे ते पुरुषाला जन्मतः येतं. (सासरे आयुष्यभर टपाल कचेरीत शिक्के मारत होते. पण आत्मविश्वास म्हणाल तर धरण बांधल्यासारखा.)

रविवारी सकाळी मी नवा आकाशी शर्ट घातला, कारण तुम्हाला पाठवायला फोटो काढायचा होता. ही एका हातात फोन आणि दुसऱ्या हातात पुस्तक धरून उभी. मी ट्रॅक्टर चालू केला, ऐटीत लिव्हर मागे ओढली, आणि पातं वर जाण्याऐवजी खाली गेलं. मला वाटलं, नवं आहे, बुजतंय. म्हणून आणखी जोरात ओढली. ते आणखी खाली गेलं. तोवर गाडी पुढे निघाली होती. पातं जमिनीत रुतलं, ट्रॅक्टर जागच्या जागी थबकला, पण मी थबकलो नाही. सीटबेल्ट लावायचा राहिला होता. छाती स्टिअरिंगवर, कंबर सीटच्या कडेवर, आणि समोर जमिनीतून पाण्याचं असं झकास कारंजं उडालं, की क्षणभर मलाही कौतुक वाटलं. मग कळलं की ती आपलीच पाण्याची लाइन. ती अकरा वर्षांपूर्वी सासऱ्यांनी स्वतः उभं राहून पुरून घेतली होती आणि 'दोन हात खोल आहे, काळजी नको' असं तेव्हापासून सांगत आले होते. मोजली तर जेमतेम वीतभर. ही एवढंच म्हणाली, की जमिनीखाली काय काय आहे ते आधी विचारून घ्यावं, पान चौदा.

पातं उलटं का चालतंय याचं निदान मात्र सासऱ्यांनी बरोबर केलं. फिटरने घाईत तेलाच्या दोन नळ्या अदलाबदल करून जोडल्या होत्या. मी पाना घेतला. ही पुस्तकातून मोठ्याने वाचत होती, की इंजिन बंद करा, पातं जमिनीवर टेकवा, लिव्हर सगळीकडे हलवून आतला दाब घालवा, आणि मगच नळी सोडवा. अडचण अशी, की ती जे पान वाचत असे त्याच्या मी नेहमी एक पान पुढे असे. ती 'दाब घालवा'पर्यंत आली तेव्हा माझा आकाशी शर्ट आकाशी राहिला नव्हता. तेल गरम नव्हतं हे नशीब. फोटो तेवढ्यात निघाला. तो सोबत जोडलेला नाही.

सोमवारी मात्र मी तुमचा भाचा शोभलो. नळ्या आपापल्या जागी, बेल्ट कमरेला, नळ्यांची तोंडं पुसून जोडलेली, कारण मातीचा कण आत गेला की दांड्याची आतली रबरं खातो (पान चव्वेचाळीस). एका वेळी तीन-चार बोटंच माती घ्यायची, पातं थोडं तिरकं ठेवायचं म्हणजे माती एका बाजूला आपोआप ओघळते, आणि शेवटचा हात मारताना लिव्हर पार पुढे टाकून पातं मोकळं सोडायचं, की ते जमिनीच्या चढउतारावर आपल्याच वजनाने तरंगत जातं. मामा, ते जमलं तेव्हा मागे वळून पाहिलं, तर वाट ताज्या इस्त्रीच्या चादरीसारखी. संध्याकाळपर्यंत निम्मी झाली. मी जेवताना दोनदा तुमच्यासारखा खाकरलो.

मंगळवारी दुपारी पात्याच्या खालच्या कडेला बोल्टांनी बसवलेली पट्टी खडखडायला लागली. माती कापते ती हीच पट्टी. दोन बोल्ट ढिले होते, आणि खालूनच हाताला येत होते. पातं वर उचललं, इंजिन बंद केलं, खाली गोणपाट अंथरलं. इतक्यात ही शेडमधून दोन जाडजूड लाकडी ठोकळे फरफटत घेऊन आली. सासरे आणि मी हसलो. मी म्हणालो, "अगं, एवढं मजबूत लोखंड आहे, त्याला लाकडाचा टेकू?" ती म्हणाली, "लोखंड तेलावर उभं आहे. पान बावन्न." आणि तिने ते ठोकळे पात्याखाली एकेका कडेला सरकवून ठेवले. ठोकळे आणि पातं यांच्या मध्ये चार बोटं फट राहिली होती. मग सासरे पाना घेऊन गोणपाटावर आडवे झाले, उजवा हात पट्टीखाली.

पहिला बोल्ट झाला. दुसऱ्याला पाना लागला. कुठे आवाज नाही, धक्का नाही. हिचं लक्ष गेलं ते ठोकळ्याकडे. चार बोटांची फट दोन बोटं झाली होती.

"अहो, हात काढा! आधी हात!"

हात निघाला. पाठोपाठ पातं ठोकळ्यांवर टेकलं. आवाज किती, तर ओट्यावर वाटी ठेवावी एवढा. मी ती बोटं मोजली, मग पुन्हा मोजली. पाचही होती. त्यानंतर आम्ही तिघं उलट्या केलेल्या क्रेटवर बसून राहिलो. चहा आणलेला होता, पण कुणी उचलला नाही. मामा, हसवण्यासारखं बरंच काही मी या पत्रात लिहिलं आहे, पण ती पाच मिनिटं त्यातली नव्हती.

कुठेतरी नळीला बारीक भोक पडलं होतं आणि दाब गळत होता. थोड्या वेळाने सासरे उठले आणि भोक कुठे आहे ते पाहायला नळीवरून बोट फिरवायला निघाले. "बाबा, हात नाही, पुठ्ठा!" हिने असा आवाज लावला, की शेजारच्या आवारातला माळीसुद्धा हात वर करून उभा राहिला. दाबाखालचं तेल सुईसारखं बारीक निघतं, दिसत नाही, आणि कातडीत शिरलं तर बोट, कधी हातही कापावा लागतो. मग मला इंजिन चालू करायला लावून, डोळ्यांना चष्मा लावून, होईल तितकं लांब उभं राहून, तिने खोक्याचा एक मोठा पुठ्ठा नळीलगत धरला. एका जागी पुठ्ठ्यावर तेलाची काळी रेघ उमटली. तीच जागा. पातं खाली, इंजिन बंद, लिव्हर हलवून दाब मोकळा, आणि मग फिटरला फोन. तो संध्याकाळी नवी नळी घेऊन आला. या खेपेला हिने त्याचा फोन मागून घेतला आणि काम संपल्यावर परत दिला.

बुधवारी सकाळी उरलेली वाट हिने स्वतः केली. मी आणि सासरे वीस पावलांवर उभे होतो, कारण ती रेघ तिने चुन्याने आखून दिली होती. अकराला ट्रक आला आणि थेट शेडपर्यंत डुलत गेला. ड्रायव्हरने उतरून वाट पाहिली आणि मला विचारलं, "साहेब, रस्ता कुणी केला हो? झकास आहे." मी छाती पुढे काढून श्वास घेतला, तेवढ्यात सासरे इतके खोकले, की मला श्वास तसाच सोडावा लागला.

आता रोज सकाळी आमच्याकडे आधी ट्रॅक्टरचा नाश्ता होतो. सांध्यांना ग्रीस, बोल्टांना पाना, नळ्यांवर नजर, आणि तेलाची पातळी पातं खाली ठेवूनच पाहायची. शेडच्या भिंतीवर हिने रंगाने लिहिलं आहे, 'ब्लेड खाली, मग आपण खाली.' म्हणजे पातं जमिनीला टेकल्याशिवाय सीटवरून उतरायचं नाही. दोन हजारांपैकी एकही रोप सुकलं नाही. बाकी सर्व ठीक. मामींना नमस्कार, आणि शिडीचं तेवढं लक्षात ठेवा.

तुमचा,
भाचा

ता. क. खरं काम सांगायचं राहिलं. बुधवारपासून ही मला मशीनवर बसू देत नाही. पुठ्ठा धरणारा म्हणून माझी नेमणूक झाली आहे. ती तुमचा शब्द मोडणार नाही. रविवारी अर्धा तास तरी मला बसू द्यावं, असं दोन ओळींत तिला लिहा.

ता. क. दुसरा. वरचा मजकूर हिने वाचला. एक दुरुस्ती केल्याशिवाय पाकीट मिळणार नाही, असं ती म्हणते. मंगळवारी पात्याखाली सासरे नव्हते, मी होतो. सासरे म्हणाले होते, "माझंच नाव घाल, माझं वय झालंय, मला कुणी रागावणार नाही." म्हणून घातलं. आईला कळवू नका.

ता. क. तिसरा. मशीन घेतलं तेव्हा तुम्ही फोनवर म्हणाला होता, की आठ दिवस येऊन सगळं शिकवून जातो. मी म्हणालो होतो, कशाला त्रास, मला येतं. मला येत नाही, मामा. कधी येताय ते कळवा.