अकरावीच्या फॉर्मवरची सही

मधू,

शिखाला घेऊन शाळेत जाते आहे. अकरावीचा फॉर्म द्यायचा आज शेवटचा दिवस. तिने त्यावर इतिहासासाठी लिहिलेलं आर्ट्स तू काल खोडून कॉमर्स लिहिलंस. मी नवा फॉर्म मागवला आणि पालकाच्या जागी तुझ्याऐवजी माझी सही केली.

“कॉमर्सवाल्यांना नोकरी पक्की,” म्हणालास. तू मॅट्रिक झालास तेव्हा मीही असंच म्हटलं होतं, मिलची नोकरी पक्की. तुझं कॉलेज त्यात राहिलं. मिल बंद पडून दीड वर्ष झालं, तरी भोंग्याच्या वेळेला तू उठून बसतोस. मी पाहते.

पोहे झाकून ठेवलेत, शेव डब्यात आहे. रागवायचं तर मला रागव. तुझ्या पोरीने कालपासून घास घेतला नाही. ती आली की फक्त जेवलीस का, एवढंच विचार.

आई