सात नंबर अजून बाहेर

१० जानेवारी, नेपरव्हिल

पोचलो एकदाचा! बेसमेंट फर्स्ट क्लास, हीटर माझ्या हातात, वरून थालीपिठाचा वास. स्टेट कॉलेजचं मास्टर्स अर्धवट सोडून हे माझं पाचवं गाव. सुलभाकाकू आईची मैत्रीण. राहायचं फुकट, बदल्यात बेसमेंट आवरायचं. घर आधी हार्लन नावाच्या म्हाताऱ्याचं होतं. महायुद्धात हा कुठं, तर समुद्री विमानं सांभाळणाऱ्या जहाजावर. पाण्यावर उतरलेलं विमान क्रेननं उचला, पेट्रोल भरा, वैमानिकांना कॉफी पाजा. तरंगता पेट्रोल पंप! तरी टोपी फ्रेम करून ठेवलीय. इथल्या खारी मांजराएवढ्या आहेत, यार.

११ जानेवारी

भिंतीवर एक पाटी आहे. खडूनं लिहिलंय: सात नंबर, आठ माणसं, बाहेर, ४.१०. हार्लननं घर विकताना मागितलं काय, तर ही पुसू नका. काका हसतात, पण काकूंनी जपलीय. म्हणाल्या, "बाहेर पडलेला माणूस पोचेपर्यंत आपण केर काढतो का रे, नकुल? हे तसंच." एवढी वर्षं अमेरिकेत राहून हे. दुपारी दोघं प्लेनोला गेले, लेकीकडे. मी "जा" म्हटलं म्हणून काकूंनी "या म्हण" असं दटावलं.

१३ जानेवारी

हार्लनची वही सापडली. पद्धत अशी की विमान गेलं की पाटीवर लिहायचं आणि क्रेननं परत उचललं की पुसायचं. एकदा धुकं पडलं, सात नंबर आलं नाही. जवळ पाणबुडी दिसली, जहाज हलवायचा हुकूम झाला. यानं पाटी पुसली. तासाभरानं रेडिओवर सात नंबर बोललं: आलोय, तुम्ही कुठं आहात? ते विमान पुन्हा सापडलंच नाही. मग यानं पाटीवर परत लिहिलं आणि जन्मभर रडत बसला.

रडका लेकाचा. ओला टॉवेल मारला आणि पाटी स्वच्छ केली.

१४ जानेवारी

दुपारी ४.१०ला घरामागच्या तळ्यावर घरघर. गोठलेल्या बर्फावर लांबलचक ओरखडा. पोरांनी स्नोमोबाइल फिरवली असेल. रिकामटेकडी.

१५ जानेवारी

बेसमेंटभर ओल्या बुटांचे ठसे. आठ जोड्या. सगळे आत आलेले, बाहेर जाणारा एकही नाही. पाण्याला बोट लावून चाखलं. खारट.

काकूंना फोन केला. त्यांनी एवढंच विचारलं की पाटी पुसलीस का. म्हणाल्या, आत्ताच्या आत्ता परत लिही, आम्ही निघतोच. लिहायला गेलो तर खडू उठतच नाही. पाटी ओली. सारखी ओली —

१६ जानेवारी

पाटीवर लिहिलंय. मी नाही लिहिलं.

नकुल, एक माणूस, बाहेर, ४.१०.

पण मी आत आहे. जिन्यावर बसलोय. खालच्या पायऱ्या पाण्यात. वरचं दार उघडलं तर स्वयंपाकघर नाही — धुकं, पाणी — पलीकडची भिंत तेवढी दिसतेय. पाटी दिसतेय.

नंतर —

काका-काकू आले. आवाज येतोय. घसा फुटेस्तोवर ओरडलो. ऐकू जात नाही. काकू म्हणतायत, पोरगा बाहेर गेलेला दिसतोय, त्याच्या नावाला हात लावू नका. काका हसतायत. अगदी माझ्यासारखे हसतायत. म्हणे, आवरायला ठेवला तर स्वतःचंच नाव लिहून पसार झाला. काकू त्यांचा हात धरतायत — धरा, काकू —

टॉवेल. ओला टॉवेल आहे काकांच्या हातात.

नाव अर्धं गेलं —

काका, मी आलोय, तुम्ही कुठं