लिऑनच्या गाडीत मलिद्याचे पोहे

१६ ऑक्टोबर १९८३, रविवार

मला न विचारता तिकिटं काढली! योएल आला, उभ्याउभ्याच सांगितलं, चहासुद्धा घेतला नाही. "बाबा, पंचवीस तारखेचं विमान. पॅरिसपर्यंत. पुढे लिऑनला ट्रेन. नवीन आहे, दोन तासांत पोचवते." जसं काय मी त्याचं पार्सल आहे.

जायचं मीच काढलं होतं, ते खरं. लेकीला, जूडिथला, घरी आणायचं आहे. नवरा तिला टाकून कॅनडाला पळाला. त्या मेयरचं नाव या वहीत पुन्हा लिहिणार नाही. पाच महिन्यांची पोर पदरात, आणि आमची बाई लिऑनच्या इस्पितळात नर्सची ड्युटी करते. पोर शेजारणीकडे ठेवून! डिमोनात तीन खोल्या रिकाम्या, आजी आहे, मी आहे, आणि नातीला सांभाळते कोण, तर एक फ्रेंच म्हातारी!

मी देवाला बोललो आहे. जूडिथ पोरीला घेऊन डिमोनाला परत आली की एलियाहू हनाबी संदेष्ट्याच्या नावानं पोह्यांचा मलिदा करीन. सगळी बिल्डिंग जेवायला बोलावीन.

पण ही ट्रेन कशाला? थेट विमान का नाही? योएल म्हणतो, "येहिये बेसेदर, अबा." सगळं ठीक होईल! हा सगळा इस्रायल देश या दोन शब्दांवर चालतो.

१८ ऑक्टोबर

खालच्या मजल्यावरच्या नाओमीनं त्या गाडीचं चित्र पेपरात बघितलं. तोंड सापासारखं, रंग नारिंगी, तासाला दीडशे मैलांच्या वर. "तुमची चंगळ आहे हो!" म्हणाली. चंगळ!

२१ ऑक्टोबर, शुक्रवार

डेबोरा पोहे बांधते आहे. दोन किलो. मी म्हटलं, "तिथं उपाशी मारणार आहेत का?"

"बाळाचा मलिदा नाही झाला अजून. पाच महिने झाले, तिच्यावर एलियाहू हनाबीचं नाव कोणी घेतलेलं नाही."

"मलिदा इथे होणार! ती परत आल्यावर. माझा नवस आहे."

"तुमचा नवस तुमचा. बाळाचा मलिदा बाळाचा."

आणि वेलची कुटायला बसली. लग्नाला इतकी वर्षं झाली, ही बाई एकदा आवाज चढवून भांडली नाही. त्याचाच मला संताप येतो. भिंतीशी भांडतोय असं वाटतं. भिंतीवर निदान आपला आवाज तरी आपटून परत येतो!

एक गोष्ट इथे लिहून ठेवतो, तिला सांगितली नाही. तिथे मलिदा करायचा म्हणजे ते घर मान्य करायचं. मला ते घर मान्य नाही.

२५ ऑक्टोबर, मंगळवार. पॅरिस

कस्टमवाल्यानं पिशवी उघडली. पोहे बघितले. हुंगले. दुसऱ्याला हाक मारली, तोही हुंगायला लागला. योएल इंग्लिशमध्ये समजावतोय, कपाळावर घाम. डेबोरानं चिमूटभर पोहे उचलले, आपल्या तोंडात टाकले आणि पिशवी त्या साहेबापुढे धरली. घ्या म्हणून! त्यानं घेतले. चावले. सोडलं आम्हाला. योएल हसला. मला शरम वाटली. या वयात परमुलखात चणेफुटाणे वाटल्यासारखं!

हॉटेलची खोली काडेपेटीएवढी. झोप नाही.

२६ ऑक्टोबर, बुधवार. लिऑन

पोचलो.

आधी स्टेशनवर माझा नि योएलचा तंटा. पिशवी डब्याच्या टोकाला फळीवर ठेवा, तिथेच सामान ठेवायचं असतं म्हणे. मी म्हटलं, कोणी पळवली म्हणजे? पिशवी मांडीवर घेऊन बसलो. वर जागा कसली, तर उलटी! गाडी पुढे जाणार आणि माझी पाठ पुढे. समोर डेबोरा, ती सुलटी. "बदलून देऊ का?" म्हणाली. नको म्हटलं. उपकार नकोत.

घरून ठरवून निघालो होतो, वाटेत तेहिलीमचा पहिला भाग पुरा वाचायचा. दाविद राजाची एकेचाळीस स्तोत्रं. मला हिब्रू बोट धरून वाचावी लागते, मुंबईत रात्रीच्या वर्गात शिकलो तेवढीच. तरी दोन तासांत होतील असा हिशेब होता. तोंडात दाविदाचे शब्द असले की हातचं काम फत्ते होतं, हे माझ्या बापानं सांगितलेलं. काम एकच. जूडिथला आणायचं.

गाडी सुटली ते कळलंच नाही! शिट्टी नाही, हिसका नाही. खांब सरकले तेव्हा समजलं. शहर संपलं आणि मग जी सुटली! कानात दडे बसले. सगळं माझ्या पाठीमागून येतंय आणि समोरून पळून जातंय. झाड दिसलं म्हणेपर्यंत नाहीसं. मला घर, शेत, माणूस येताना काही दिसतच नव्हतं, फक्त गेलेलं दिसत होतं. डोकं पुस्तकात घातलं.

पण ही वाचू देईल तर ना!

"अहो, बघा, गायी! पांढऱ्याशुभ्र!"

मी बोट ओळीवर दाबून धरलं.

"अहो, केवढ्या आहेत! आपल्या गावच्या तीन मिळून एक होईल." मग थोड्या वेळानं, "अहो, तळं गेलं. बघितलंत का?" कसं बघणार? मी मान वर करेपर्यंत तळं गेलेलं. योएल खिदळतोय. पलीकडची मडम डेबोराकडे बघून हसली, तर ही तिच्याशी मराठीत बोलायला लागली! "पहिल्यांदाच बसतेय हो." मडमेनं मान डोलावली. काय कळलं तिला?

समोरून दुसरी गाडी आली. धाडकन! तोफ सुटल्यासारखं. मी शेमाची प्रार्थना म्हणायला सुरुवात केली, एक शब्द तोंडातून निघेपर्यंत ती गाडी गेलीसुद्धा. पिशवी छातीशी आवळली होती. डेबोरा पुढे वाकली, माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि म्हणते, "एलियाहू हनाबींचा रथ असाच स्वर्गात गेला असेल, नाही?"

मी चिडलो. म्हटलं, "आपल्या खंडाळ्याला, अलिबागेकडच्या, त्यांच्या रथाच्या चाकाची खूण खडकात उमटली आहे. आपले आजे-पणजे तिथे नारळ घेऊन जात. ही गाडी कसली खूण ठेवते? गाय तरी वर बघते का?"

"चिडू नका हो. बघा, डोंगर आले."

लिऑन आलं. तेहिलीम निम्मंच झालं होतं. अर्धवट! हे चांगलं लक्षण नव्हे. हिला बोललो, तर म्हणते, "देवाला माहीत आहे, गायी बघत होतो."

जूडिथ फलाटावर उभी होती. वाळली आहे. पोर कडेवर. रूत नाव. माझी दाढी ओढली.

२७ ऑक्टोबर

विचारलं. सरळ "नाही" म्हणाली!

"अबा, इथे माझी नोकरी आहे. वॉर्डातले लोक नावानं ओळखतात मला. तिथे येऊन काय करू? जिन्यात उभ्या राहून बायका विचारतील, नवरा कुठाय गं?"

मी म्हटलं, विचारू दे, मी आहे ना उत्तर द्यायला. तर हिब्रूत काहीतरी भरभर बोलली. मी म्हटलं, मराठीत बोल बापाशी! तेव्हा मराठीत म्हणाली, "तुम्ही उत्तर देणार म्हणूनच नको."

योएल खिडकीबाहेर बघत बसला. भाऊ म्हणे!

२९ ऑक्टोबर, शनिवार

शब्बाथचा विसावा संपला, तारे दिसले. मी स्वयंपाकघरात गेलो तर टेबलावर ताट तयार. पोहे भिजवून, साखर, वेलची, वर ओलं खोबरं. नारळ कुठून पैदा केला देव जाणे. भोवती सफरचंद, केळी, खजूर. सब्जा मिळाला नाही म्हणून जूडिथच्या खिडकीतल्या कुंडीतला पुदिना वासाला ठेवलेला. बाळाला नवं झबलं. दोघी बाळाला घेऊन उभ्या, योएल डोक्यावर टोपी घालून. सगळे माझ्याकडे बघतायत.

मलिद्याला वचनं म्हणायला पुरुष लागतो. खरं तर दहा पाहिजेत. तिथे दोन. योएलला विचारलं तर म्हणतो, "मला चाल येते, शब्द येत नाहीत." या पोरांना चालच तेवढी येते! म्हणजे उरलो मी.

मी म्हटलं, "मी म्हणणार नाही."

डेबोरा म्हणाली, "दहा नसले तरी एक पुरे. तो एक तुम्ही. बाळावर हात ठेवा आणि म्हणा."

"डिमोनाला म्हणीन! नवस तिथला आहे. इथे म्हटलं म्हणजे ही इथलीच झाली!"

"ती इथलीच आहे हो," डेबोरा म्हणाली. हळू, नेहमीसारखं.

मी कोट घातला आणि जिन्यात जाऊन उभा राहिलो. कोणी बोलवायला आलं नाही. वर आलो तेव्हा ताटावर पांढरा रुमाल टाकलेला. कोणी दाणा तोंडात घातला नव्हता. वचनं झाल्याशिवाय मलिद्याला हात लावत नाहीत, एवढं ही फ्रान्समध्ये राहिलेली पोरगीसुद्धा विसरली नाही.

३० ऑक्टोबर

डेबोरा येत नाही म्हणते. "बाळाचा मलिदा झाल्याशिवाय मी या घरातून पाऊल काढणार नाही. एक किलो पोहे शिल्लक आहेत." आणि बाळाचे लंगोट वाळत घालायला गेली.

२ नोव्हेंबर, बुधवार. पॅरिस

आणायला गेलो एकीला आणि ठेवून आलो दुसरीला!

स्टेशनवर आली होती. म्हणाली, "गोळ्या कोटाच्या आतल्या खिशात आहेत. नाओमीकडे जेवा, लाजू नका." मी डब्यात चढलो. दारं आपोआप बंद झाली. जुन्या गाड्यांना खिडकीतून डोकं काढता यायचं, शेवटचं काही बोलता यायचं. या गाडीची खिडकी उघडतच नाही! कसली गाडी ही? भांडण पुरं करायला वाव नाही.

योएल म्हणाला, "बाबा, तुम्ही सुलटे बसा, मी उलटा बसतो." मी त्याला हाकललं आणि उलट्या जागेवर जाऊन बसलो. फलाट दिसत होता. ती बाळाचा हात धरून हलवत होती. उलट्या जागेवरून माणूस जरा जास्त वेळ दिसतं. जरासंच.

तेहिलीम काढलं. पहिला भाग सगळा वाचून झाला, वर दुसऱ्यातली तीन झाली. तीच गाडी, तेच दोन तास. मधे बोलणारं कोणी नव्हतं.

पांढऱ्या गायी होत्या. योएलला दाखवल्या. तो झोपला होता.

५ नोव्हेंबर, शनिवार. डिमोना

सिनेगॉगमध्ये सगळ्यांचं तेच. "एकटेच? मंडळी कुठे?" म्हटलं, फ्रान्समध्ये पांढऱ्या गायी बघतायत! कोणी हसलं नाही.

८ नोव्हेंबर

नाओमी डबा देते आणि सोबत अक्कल. "मोर्देखायभाऊ, चार वचनं म्हटली असती तर तुमचं काय गेलं असतं?" मी डबा परत केला. मग भूक लागली. खाली जाऊन तिच्याकडूनच परत घेऊन आलो. तिनं तोवर तो गरम करून ठेवला होता. ते जास्त लागलं.

घरात वेलचीचा वास आहे. खलबत्ता धुवून ठेवला नव्हता तिनं. मीही धुतला नाही.

मला राग कोणाचा आला आहे तेच आता कळेना. जूडिथचा आहे. योएलचा आहे. गाडीचा तर आहेच. एवढी पळते आणि माणसाला विचार करायला वेळ ठेवत नाही! बैलगाडीनं गेलो असतो तर पोचेपर्यंत राग निवला असता.

१० नोव्हेंबर

योएल सांगत आला. बाळाला ताप होता. आता उतरला. मला दोन दिवस सांगितलं नाही! "तुम्ही घाबरला असतात." घाबरणारच! आजा आहे तिचा, कोण आहे मी?

१२ नोव्हेंबर, शनिवार

शब्बाथ संपल्यावर टोपी घालून खाली नाओमीकडे गेलो. म्हटलं, फोन लाव. लिऑनला. डेबोरानं घेतला. म्हटलं, पोहे भिजव. "भिजवलेत," म्हणाली. "दर शनिवारी भिजवते." म्हटलं, मग फोन बाळाच्या डोक्याशी धर. आणि सगळी वचनं म्हटली, पहिल्यापासून शेवटपर्यंत, नाओमीच्या सोफ्यावर हात ठेवून, कारण हात कुठेतरी ठेवायचा असतो. आमेन तिकडून आलं, जूडिथचं सगळ्यात मोठं. मग त्या खाताना ऐकू आलं.

डेबोरा म्हणाली, "झाला मलिदा. आता मी यायला मोकळी. कधी येऊ?"

मी म्हटलं, पोर चालायला लागेपर्यंत राहा. येशील तेव्हा उलट्या जागेवर बसू नको, लांबपर्यंत दिसत राहतं सगळं.