बुडातून कच्चं

२९ ऑक्टोबर, बुध.
दिवाळी संपली, दवाखाना भरला. चकल्या खाऊन दात मोडलेले निम्मे शनिवार पेठेतले. आज नऊ पेशंट, पाच फिलिंग. पाचही वेळा निळा लाईट माझ्या हातात. डॉक्टर मॅडम थर भरतात, मी लाईट धरतो, दहा सेकंदाला एक टिक, दोन टिक झाले की मऊ होतं ते दगड. मॅ. त्याला कॉम्पोझिट म्हणतात, पेशंट सिमेंट म्हणतात. मीपण सिमेंटच.
आठ महिने झाले इथं. पुण्यातली पाचवी नोकरी, सगळ्यात लांबलेली. आता पाय शिवशिवतात. खोलीवरचा विशाल म्हणतो चाकणला कंपनीत भरती आहे, दहा तारखेला हजर व्हायचं. दोघं जाऊ म्हणतो. हो म्हटलं.

३१ ऑक्टो., शुक्र.
तांबटकाका परत आले. कसब्यात तांब्याची भांडी ठोकतात. खालची उजवी दाढ. जूनमध्ये भरली, ऑगस्टमध्ये पुन्हा भरली, काल पुन्हा निघालं.
मॅ. म्हणाल्या, "चकली खाल्लीत ना?"
"अहो डॉक्टर, मी यंदा चिवडासुद्धा कुटून खाल्ला. सून हसत होती."
"मग सुपारी."
"सोडून बारा वर्षं झाली."
"झोपेत दात आवळत असाल."
"झोपेत मी काय करतो ते मला कसं कळावं? तुम्हीच या एकदा बघायला."
मॅ. हसल्या नाहीत. दर वेळी दाढ थोडी थोडी कोरली जातेय, आता निघालं तर काढायलाच लागेल, म्हणाल्या. काकांनी गालावर हात धरला. त्या बाजूला चावायला तेवढी एकच आहे. तात्पुरतं पांढरं भरलं, पुढच्या शुक्रवारी बोलावलं.
निघालेला तुकडा काकांनी पुडीत बांधून आणला होता. मॅ.नी बघितला नाही, म्हणून काकांनी माझ्या हातावर ठेवला. "वरून ठणठणीत आहे बघ. आता पालथा कर, नख घाल." घातलं. साबणात जावं तसं गेलं. "आम्ही भांडं बुडातून तपासतो. वरून सगळीच चकाकतात."
पुडी माझ्याच खिशात राहिली.

२ नोव्हें., रवि.
सुट्टी. दिवसभर वारज्यात, खोलीवर. मायचा फोन. "काऊन रे, तिथंच हायेस ना अजून?" हो म्हटलं. "मंग टिक तं जरा एका जागी." तिनं गावात सांगून ठेवलंय, पोरगा डॉक्टरच्या हाताखाली आहे. नववी नापासाला पुष्कळ झालं. चाकणचं बोललो नाही.
पुडी दोनदा उघडून बघितली. जूनमध्ये काय झालं ते मला माहीत आहे. लिहीत नाही.

३ नोव्हें., सोम.
लिहितो.
जूनमध्ये माझा नारिंगी चष्मा मोडला. स्टुलावर ठेवला आणि मीच त्यावर बसलो. निळ्या उजेडाकडे उघड्या डोळ्यांनी बघायचं नाही, डोळे जातात, हे पहिल्याच दिवशी सांगितलेलं. नवा मागायची लाज वाटली. मॅ.नी एकदा विचारलं, चष्मा कुठाय? घाम येतो, म्हटलं. "डोळे तुझे आहेत," एवढं बोलून त्या पुढचा थर घ्यायला वळल्या.
तेव्हापासून लाईट लागला की मी तोंड फिरवतो, भिंतीवरच्या कॅलेंडरकडे. टिक कानानं मोजतो. तेवढ्यात हात कुठं सरकतो ते कोण बघतं.

४ नोव्हें., मंगळ.
एक ते चार दवाखाना बंद. मॅ. घरी जेवायला. ज्यूसची नळी कापून तीन चकत्या केल्या, काडेपेटीच्या काडीएवढ्या जाड. मॅ. एक थर तेवढाच भरतात. फेकायच्या ट्यूबमध्ये उरलेलं सिमेंट तिन्हीत दाबलं. डोळ्यांना मॅ.चा चष्मा.
पहिली – लाईट अगदी टेकवून. वर दगड, खाली दगड.
दुसरी – बोटभर लांबून. वर दगड. खाली नख गेलं.
तिसरी – रोज धरतो तशी, कॅलेंडरकडे बघत. एका कडेला घट्ट, दुसरीकडे चिकट.
टिक तिघींना दोनच. पालथ्या केल्याशिवाय तिन्ही सारख्या.
जेवलो नाही. डबा तसाच परत.

५ नोव्हें., बुध.
आजच्या चार फिलिंगला मॅ.चा जुना चष्मा लावला, ड्रॉवरमध्ये पडून होता. एक दांडी नाही, दोऱ्यानं कानाला बांधला. मॅ. म्हणाल्या, "आज घाम नाही वाटतं?"
दुपारी रजिस्टर काढलं. जूनपासून खोल भरलेल्या दाढा. एकेचाळीस नावं. वहीत उतरवली.
विशालला सांगितलं. तो म्हणे, "तू काय डॉक्टर हायेस का बे? पाच दिवसानं आपण चाकणला. कोण येते तुले इचारायले?"
खरं आहे. कुणी येणार नाही. काकांची दाढ जाईल, नाव सुपारीचं होईल.

६ नोव्हें., गुरु.
सांगितलं. शेवटचा पेशंट गेल्यावर तिन्ही चकत्या, काकांची पुडी आणि यादी ट्रेमध्ये ठेवून पुढे केली. मॅ. आधी चकत्यांकडे बघत राहिल्या. मग स्वतः टोकदार हत्यार घेऊन ओरखडे काढले. वरून, मग खालून. काकांचा तुकडापण.
"मी विचारलं होतं चष्म्याचं."
"हो मॅडम."
"तू म्हणालास घाम येतो."
"हो."
"आणि मी काय म्हणाले?"
मी ट्रे सरळ केला.
"बोल की. पाठ असेल तुला."
"डोळे तुझे आहेत."
त्यांनी मास्क काढून कचऱ्यात टाकला. खुर्चीवर बसल्या, पेशंटच्या. मला वाटलं आता जा म्हणतील. म्हणाल्या, "उद्या काका आहेत ना? वेळेवर ये." यादीची घडी घातली आणि ड्रॉवरमध्ये टाकली.
मी दारातून विचारलं, बाकीच्यांचं?
"त्यांचं दुखत नाहीये, गजानन. न दुखणारी दाढ उघडायला कुणाला बोलावू? आणि काय सांगून?"
दार ओढून निघालो.

७ नोव्हें., शुक्र.
काका आले. मॅ.नी उभ्यानंच सांगून टाकलं, "चूक आमच्याकडून झाली. लाईट नीट पोचला नाही. सुपारीचं मी उगाच बोलले."
काका म्हणाले, "चला, सुपारी सुटली." मग माझ्याकडे बघून, "म्हणजे तू डोळे मिटून ठोकत होतास होय? माझ्या दुकानात एक बोट राहिलं नसतं तुझं."
नवा चष्मा आला होता, मॅ.नीच आणला. चार थर. प्रत्येकाला लाईट टेकवून, हलू न देता. खालच्या थराला मॅ.नी दोनऐवजी चार टिक घेतले, दाढ खोल आहे म्हणून. जूननंतर पहिल्यांदा नीट बघितलं लाईट लागल्यावर आत काय दिसतं. चष्म्यातून निळं दिसतच नाही. नुसती दाढ दिसते.
काका चावून बघत म्हणाले, "आता हे बुडातून कसं तपासायचं? निघेल तेव्हाच कळणार."
मॅ. म्हणाल्या, "निघू नये म्हणून तर."
"बघू," म्हणाले. पुण्याचं बघू, होपण नाही, नाहीपण नाही.

९ नोव्हें., रवि.
विशालनं बॅग भरली. माझी रिकामी बघून म्हणाला, "बावा, तुयं काय?" उद्या सांगतो म्हटलं. तो म्हणे, "उद्याच तं जायचं हाय."
मॅ.नी शनिवारी यादी काढली नाही. मीपण विचारलं नाही. माझ्या वहीतली आहेच. काकांपुढे खूण केली. चाळीस राहिले.
दुसरं नाव काळे बाई. शाळेत शिकवतात. जूनमध्येच वरची डावी दाढ, तीन थर. परवा मुलीला घेऊन आल्या होत्या, मला म्हणाल्या, "छान बसलीय हो दाढ, विसरूनच गेले होते." गोड बोलतात.

१० नोव्हें., सोम.
विशाल सकाळी गेला. तिथं पोचून फोन करतो म्हणाला, जागा दोन दिवस धरून ठेवतील.
मी दहाला दवाखान्यात. मॅ. यायच्या आधी रजिस्टरमधून नंबर काढून काळे बाईंना फोन लावला. दुखत नाही ना, विचारलं. नाही म्हणाल्या. मग कशाला फोन, म्हणाल्या. मी म्हटलं, एकदा तपासून घ्या, लाईटमध्ये गडबड होती. कुणाची गडबड, म्हणाल्या. माझी, म्हटलं.
मग म्हणाल्या, शाळा सुटल्यावर येते, साडेपाचला.
मॅ. आल्या. पेशंट सुरू झाले. रजिस्टरमध्ये साडेपाचच्या चौकोनात पेन्सिलीनं नाव लिहून ठेवलंय.
अजून मॅ.नी रजिस्टर उघडलेलं नाही.