हेडफोनची डावी बाजू

दादा,

तुम्हाला ऐकू येत नव्हतं, हे मला तुम्ही गेल्यावर कळलं. तेही घरच्या कुणाकडून नाही. दहाव्याच्या दिवशी शहागडला नदीवर आम्ही कावळ्याची वाट बघत बसलो होतो, तेव्हा तुमच्याबरोबर बैलांचा व्यवहार करणारा एक म्हातारा हेडी तंबाखू मळत सहज बोलून गेला, "त्याला कुठं ऐकायला येत व्हतं? बाजाराला सगळ्याला ठाऊक व्हतं की." मला राग आला. बापाचं पिंडदान चाललंय आणि हा माणूस त्याला बहिरा ठरवतोय. मी म्हणालो, "मंग इतकी वर्षं दलाली कशी केली त्यांनी?" त्यानं खांद्यावरचा रुमाल काढून माझ्या हातावर टाकला आणि रुमालाखाली माझी बोटं धरून दाबली. "अशी. जनावराचा भाव बोटात असतो, पोरा. कान कशाला लागतो?" चारचौघांना भाव कळू नये म्हणून बैलबाजारात सगळा सौदा रुमालाखाली बोटं दाबून होतो, हे मला लहानपणापासून माहीत होतं. त्या रुमालाखाली भावाबरोबर तुम्ही आणखी काय लपवत होता, ते मात्र त्या दिवशी समजलं.

आज इतक्या वर्षांनी लिहायला बसलो त्याचं कारण ऐकलंत तर तुम्ही हसाल. कारण आहे हेडफोन. मी आता मायला घेऊन बदनापूरला राहतो, जालन्यात एका बियाण्यांच्या कंपनीत कॉम्प्युटरवर बसतो, आणि उरलेल्या वेळात लोकांचे महागडे हेडफोन कानाला लावून त्यांना नावं ठेवतो. खोटं वाटेल, पण असा उद्योग आहे. देशभरातल्या वेड्यांचा आमचा एक गट आहे. ज्याच्याकडे भारी माल आहे तो कुरिअरनं दुसऱ्याकडे पाठवतो, दुसरा आठवडाभर ऐकून त्यावर लिहितो आणि पुढच्याकडे धाडतो. विकत घ्यायची ऐपत नाही, पण ऐकायची हौस भागते. माझं लिहिणं लोक वाचतात, कारण मी कुणाची भीडभाड ठेवत नाही. वाईटाला वाईट म्हणतो. तुम्ही बैलाचे दात बघून शेतकऱ्याच्या तोंडावर वय सांगायचा, ती खोड माझ्यात आली असावी.

हेडफोनचं वेड तुम्हीच लावलंत. दहावी पास झालो तेव्हा जालन्याहून तुम्ही मला एक छोटा टेप आणला होता, कानाला लावायच्या तारेसकट. वडीगोद्रीच्या घरात चुलीपाशी बसून तुम्ही तो आधी स्वतःच्या कानाला लावलात, डोळे मिटून मान डोलावलीत आणि म्हणालात, "बराबर हाय. आवाज लई मस्त हाय." टेपमध्ये कॅसेटच नव्हती. मी हसून हसून लोळलो, माय चुलीकडे तोंड करून भाकरी थापत राहिली, आणि तुम्हीही हसलात, जणू मुद्दामच गंमत केली होती. मी ती गोष्ट मित्रांना कितीदा सांगितली असेल. आता सांगत नाही.

तर या वेळी माझ्याकडे दोन हेडफोन आले होते आणि ते चालवायला दोन यंत्रं. पहिला हेडफोन मोठा, लाकडी वाट्यांचा, मऊ कातडी गाद्यांचा. किंमत सांगत नाही, तुम्ही म्हणाल एवढ्यात चांगली खिल्लारी जोडी आली असती. हा नुसत्या फोनला लावला तर वाजतो, पण उपाशीपोटी वाजल्यासारखा. डग्गा डग्गा वाटत नाही, कुणी पत्र्यावर टिचकी मारतंय असं वाटतं. त्याला ओढायला जोर लागतो आणि फोनमध्ये तेवढा जोर नसतो. मग फोनच्या बुडाला अंगठ्याएवढं एक यंत्र लावायचं, त्यानं डग्गा जरा अंग धरतो. दुसरं यंत्र म्हणजे फक्त गाणी वाजवणारा प्लेअर, विटेसारखा जड, थोड्या वेळात हात भाजेल इतका तापणारा. त्याला तोच मोठा हेडफोन जोडला की गाणारी बाई समोर सतरंजीवर येऊन बसते. दुसरा हेडफोन लहान, घडी होणारा, गरीब स्वभावाचा. अंगठ्यावर जसा गातो तसाच विटेवर गातो, त्याला जास्त जोर दिला काय आणि कमी दिला काय. तुमच्या भाषेत सांगायचं तर गाडी आणि बैल यांचा मेळ बघायचा, एवढंच माझं काम. निकालही मनात तयार होता: रोज प्रवास करणाऱ्यानं लहान हेडफोन आणि अंगठ्याएवढं यंत्र घ्यावं, खिशात वीट घालून हिंडण्यात शहाणपण नाही. एका जागी बसून ऐकणाऱ्यानं मात्र मोठा हेडफोन आणि वीट ही जोडी फोडू नये.

पण मोठ्या हेडफोनमध्ये एक खोट निघाली. मी परीक्षेला नेहमी एकच भजन लावतो. त्यात मधोमध बाईचा आवाज आहे, उजवीकडे तंबोरा आणि डावीकडे टाळ. या हेडफोनमध्ये टाळ मेला होता. वाजत होता, पण गोणपाटात गुंडाळून वाजवल्यासारखा. मी प्लेअर बदलला, केबल बदलली, फोनवर लावून पाहिला. टाळ मेलेलाच. मग ज्या पोराचा तो हेडफोन होता त्याला मी खरमरीत लिहिलं, की तुमच्या मालाची डावी बाजू बसलेली आहे, लोकांच्या गळ्यात मारण्याआधी तपासत चला. बिचाऱ्यानं नम्रपणे कळवलं, सर, तुमच्याआधी दोघांनी ऐकला, कुणी असं म्हणालं नाही. मी मनात म्हटलं, त्यांच्या कानात काय बोळे होते का?

रविवारी दुपारी जेवून पुन्हा बसलो. या वेळी लहान हेडफोन लावला, तेच भजन लावलं. टाळ मेलेला. दोन वेगळ्या हेडफोनची तीच बाजू कशी बसेल? तेव्हा तुमची आठवण झाली. एक शेतकरी तुमच्याशी भांडायला आला होता, तुम्ही मिळवून दिलेल्या जोडीतला डावा बैल ओढत नाही, गाडी सारखी डावीकडे जाते म्हणून. तुम्ही त्याला म्हणालात, "डावा उजवीकडं जुंप आन उजवा डावीकडं. तरी गाडी डावीकडंच गेली तर बैलाला शिव्या देऊ नको, आख बघ." गाडी डावीकडेच गेली. तो माणूस खाली मान घालून सुताराकडे गेला. मी हेडफोन काढला, उलटा करून घातला, डावी वाटी उजव्या कानावर. टाळ उजव्या कानात आला, आणि असा लखलखीत वाजला की अंगावर काटा आला. डावीकडे आता तंबोरा होता. तंबोऱ्याच्या तारा गोणपाटात गेल्या होत्या. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात, ते मीच. हेडफोन दोन्ही चांगले होते, यंत्रं चांगली होती. माझा डावा कान गेलाय, दादा, आणि उजव्याचा भरवसा किती धरायचा ते तुम्हीच जाणा. त्या पोराला मी कळवलं की माझ्याकडची केबल खराब निघाली, माफ करा. खरं कारण लिहायला हात धजला नाही.

तेव्हापासून तुमचं जाणं डोळ्यांसमोरून हलत नाही. तुम्ही बाजार करून आलेले, शहागडच्या फाट्यावर जीपमधून उतरता, रुमाल झटकून खांद्यावर टाकता आणि रस्ता ओलांडायला निघता. मी तिथं नव्हतो, तरी बघतो. ट्रकवाला पोरगेलासा होता. लोकांनी त्याला खाली ओढलं तेव्हा तो एकच सांगत होता, "हॉर्न दिल्ता हो, लई दिल्ता, बाबांनी वळून बी बघितलं न्हाई." खोटारडा म्हणून लोकांनी त्याला बेदम मारलं. दोन दिवसांनी जबाब झाले, त्यातही तो हेच बोलला, आणि आपल्या सगळ्या भावकीनं सांगितलं की आमच्या माणसाला सुईचा आवाज ऐकू यायचा. माणूस गेल्यावरसुद्धा भावकी त्याची लाज राखत होती. तो ट्रकवाला खरं बोलत होता हे मला दहाव्याला कळलं, पण तोवर त्याचा एक हात कायमचा अधू झाला होता.

एक विचारायचं होतं. तुम्हाला कधी कळलं? पहिल्यांदा काय ऐकू येईनासं झालं? मी लहान असताना जेवताना खाली मान घालून बोललो की तुम्ही ताटावर हात आपटायचा. "तोंड वर करून बोल. चोरावानी काय पुटपुटतो?" मी तुम्हाला घाबरायचो. मला वाटायचं, या माणसाला माझं तोंड आवडत नाही म्हणून सारखा रोखून बघतो. तुम्ही माझे ओठ वाचत होता. म्हणजे तेव्हाच गेलं होतं ना? मी सातवी-आठवीत असेन. तेव्हापासून शहागडच्या त्या दिवसापर्यंत तुम्ही एकट्यानं हे कसं सांभाळलंत, झोपेत दचकायचा का, लोक हसले की आपल्यालाच हसतात असं वाटायचं का? मला तसं वाटायला लागलंय. ऑफिसात डाव्या बाजूला बसणारा माणूस काही बोलला की मी हसून मान हलवतो. परवा तो चमकून माझ्याकडे बघत राहिला. त्याची आई दवाखान्यात होती, तेच तो सांगत होता.

हे सगळं फक्त माझ्या जिवावर असतं तर मी तुमच्यासारखंच रेटून नेलं असतं. पण तुमची सून पहाटेच्या गाडीनं नोकरीला जाते, आणि तुमची नात, जिला तुम्ही पाहिलं नाही, जालन्याच्या शाळेत आहे. तिला मोटरसायकलवर मागे बसवून मीच नेतो, हमरस्त्यानं, ट्रकांच्या गर्दीतून. गाडीवर ती मधूनमधून माझ्या पाठीवर तळहात टेकवते. लेकरू लाडात आलंय असं समजून मी कितीतरी महिने सुखावत होतो. कानाचं कळल्यावर मनात पाल चुकचुकली. या आठवड्यात शाळेच्या फाटकाशी तिला उतरवताना विचारलं, "गाडीवर तू पाठीला हात का लावतेस गं?" ती दप्तर सावरत म्हणाली, "आज्जीनं सांगितलंय. मागून मोठी गाडी आली की पप्पाला हात लावायचा. आन कुणाला सांगायचं न्हाई." मग जीभ चावली आणि आत पळाली.

संध्याकाळी माय ज्वारी निवडत बसली होती. मी समोर बसलो. ती वर न बघताच बोलली, "पोरीनं सांगितलं वाटतं." मी विचारलं, तुला कसं कळलं? "तुझा बाप बी असाच मान वाकडी करायचा. डावीकडून बोललं की नुसता हसायचा. तू दोन सालापासून हसू राह्यलास." मी म्हणालो, मंग मला बोलली का नाहीस? तिनं सुपातले खडे बाजूला काढले. "तुझ्या बापाला एकदा बोलल्ते. लई दिवस माझ्या हातचं जेवला न्हाई. म्हणला, बाजारात कळलं तर मी मेलो. मंग मी गप बसले. कुठं जायचं म्हणलं की त्याच्या उजव्या अंगाला चालायची, गाडी आली की कोपर धरायची. त्या दिशी मी संगं नव्हते." तिनं सूप उचलून पुन्हा पाखडलं. मग म्हणाली, "तुझ्यासंगं पोरगी तरी हाय." मला तिच्यावर ओरडावंसं वाटलं. तिसरीतल्या पोरीला तू माझ्या कानाच्या जागी बसवलंस, आणि वर गप राहायलाही शिकवलंस, असं म्हणावंसं वाटलं. पण ती रडत होती. आणि खरं सांगू का, मला तिच्यापेक्षा तुमचाच राग आला होता.

काल मी पक्कं ठरवलं. तुमच्या सुनेला सांगायचं, जालन्यात कानाच्या डॉक्टरकडे जायचं, पोरीला शाळेच्या रिक्षात बसवायचं. अवघड काहीच नाही, चार वाक्यांचं काम. म्हणून हे लिहायला घेतलं, की आधी तुम्हाला सांगून बघावं, मग तिला सांगणं जमेल. तुम्हाला पाठवायची सोय नाहीच. खरं तर हा कागद तिच्याच हातात द्यायला हवा. पण आज दिवसभर तो माझ्याच खिशात होता, हे शेवटचं लिहायला आत्ता काढला.

आज पहाटे तुमची सून चप्पल घालताना म्हणाली, "काही बोलायचं होतं का तुम्हाला?" मी न्हाई म्हणालो. पोरीला मीच नेलं. सेलगावच्या पुढे तिचा हात पाठीला लागला, मी गाडी कडेला घेतली, आणि मालानं भरलेला एक ट्रक हाताच्या अंतरावरून निघून गेला. त्यानं हॉर्न दिला होता का, हे मी तिला विचारलं नाही.